गाडीला पिकअप नाही

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहून काढलं आहे.)

समोर बसलेले सगळे सर, सगळ्या बाई, आणि माझ्या १९९६च्या दहावीच्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'परदेशातील अनुभव' असा विषय दिला होता. त्या विषयावर इथे सकाळपासून तीन भाषणं झाली आहेत आणि जेवणही भरपूर झालंय. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी माझ्या मोटरसायकलबद्दल बोलणार आहे. ती डोंगर चढत नव्हती आणि मी तिची ताकद वाढवायला निघाले होते, एवढीच गोष्ट आहे. कोणाला डुलकी आली तर मी वाईट वाटून घेणार नाही. गणिताच्या तासाला मीही घेतली आहे. सर, सॉरी.

नव्या जावयांना आणि सुनांना माहीत नसेल म्हणून सांगते. मी चौदा महिन्यांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय. शाळेत मी कॅलिपर आणि बूट घालून यायचे. पी.टी.च्या तासाला गुलमोहराखाली बसून सगळ्यांची दप्तरं आणि घड्याळं सांभाळायचे. शंभर मीटरच्या शर्यतीला सर माझ्या हातात स्टॉपवॉच द्यायचे. तेव्हा या वर्गात कोण किती सेकंदांत पळायचं ते मला अजून पाठ आहे. आत्ता कोणाची पोटं बघून सांगत नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर बाबांनी मला साइड व्हील लावलेली कायनेटिक होंडा घेऊन दिली. ९८ सीसी, सेल्फ स्टार्ट, आणि मुख्य म्हणजे गिअर नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक. आरटीओच्या तेव्हाच्या भाषेत तिला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. नाव काही का असेना, आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या मागे न बसता कुठेतरी गेले. त्या स्कूटरला व्हेरिएटर असतो. चढ आला की पट्टा आपोआप पुलीवर खाली-वर सरकतो आणि गाडी स्वतःच गुणोत्तर बदलून घेते. आपण फक्त मूठ पिळायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उडी मारून अमेरिकेत येऊ. मी आणि नवरा डेन्व्हरजवळ राहतो. तिथे माझी सॉफ्टवेअरची नोकरी आहे, त्यात तेलाचा डाग लागायची वेळ फक्त स्वयंपाकघरात येते. काही वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड गोल्ड विंग घेतली. होंडाची लांबच्या प्रवासाची मोटरसायकल. १९७५ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा हजार सीसीची, चार सिलिंडरची होती. माझी २००८ची आहे. १८३२ सीसी, सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे झोपलेले. साखळी नाही, शाफ्ट आहे. रिव्हर्ससुद्धा आहे, तो स्टार्टरच्या मोटरवर चालतो. आधीच्या मालकानं मागचं एक चाक काढून तिथे डिफरन्शियलसकट ॲक्सल आणि गाडीची दोन चाकं बसवून घेतली होती. याला तिकडे ट्राइक म्हणतात. म्हणजे आपली साइड व्हीलची कायनेटिकच, फक्त खाऊन-पिऊन सुटलेली.

ट्राइक वळणावर झुकत नाही, हँडल ओढून वळवावं लागतं, दिवसभरात दंड भरून येतात. पण सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. माझ्यासाठी तोच सगळा व्यवहार होता.

डेन्व्हर जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे, ५,२८० फुटांवर. तिथून पश्चिमेला हायवे क्रमांक ७० रॉकी पर्वतात चढतो आणि सुमारे ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जातो. बोगद्याच्या जवळ चढ सहा-सात टक्क्यांचा आहे. शंभर मीटर गेलात की सहा-सात मीटर वर. कुंभार्ली घाटापुढे हे काही नाही असं वाटेल. पण तिथे वळणं मोठी आहेत आणि सगळे शंभरच्या वेगानं चढतात.

एका रविवारी मी, मागे नवरा, पेट्या भरलेल्या. बोगदा पाच-सहा किलोमीटरवर असताना वेग उतरायला लागला. शंभर, नव्वद, ऐंशी. मूठ पूर्ण पिळलेली. इंजिन खालच्या आवाजात घुमतंय, जोर काही लागत नाही. मागे एक मोठा ट्रक चढत्या वेगानं जवळ आला आणि त्यानं जो भोंगा दिला तो मला अजून पाठीत ऐकू येतो. मी कडेच्या लेनमध्ये गेले. नवरा काही बोलला नाही. तो काही बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

घरी आल्यावर मी ठरवलं, या गाडीची ताकद वाढवायची.

तुम्ही कुठल्याही गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर जाऊन "पिकअप नाही" म्हणून बघा, चिपळूणला काय आणि डेन्व्हरला काय. प्रत्येकाकडे एक औषध असतं. पहिला म्हणाला, सायलेन्सर बदला. दुसरा म्हणाला, पेट्रोलचं प्रमाण बदलणारी इलेक्ट्रॉनिक डबी लावा. तिसरा म्हणाला, हे सगळं सोडा, सुपरचार्जर बसवा. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरणारा पंखा, तो हवा दाबून आत कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. या तिघांत त्याचंच म्हणणं खरं वजनदार होतं. कारण ११,००० फुटांवर हवाच समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के दाट असते. फ्युएल इंजेक्शन हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतं, मिश्रण बरोबर ठेवतं, पण नसलेली हवा ते कुठून आणणार? कागदावर माझ्या गाडीची ताकद ११८ अश्वशक्ती. बोगद्याशी ती राहते ऐंशीच्या जरा वर. सुपरचार्जर हे नुकसान भरून काढतो. किंमत मात्र काही हजार डॉलर. शिवाय क्लच, शाफ्ट, डिफरन्शियल हे सगळं मूळच्या ताकदीच्या हिशोबानं केलेलं असतं. ट्राइकचं वजन आधीच जास्त, त्यात जोर वाढवला की क्लच आधी घसरायला लागतो.

तरी मी सुपरचार्जरच्या किटचं पान महिनाभर उघडं ठेवलं होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा.

पैसे भरण्याआधी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला एक साधी गोष्ट सांगितली. तासभर गाडी चालव, ब्रेक शक्यतो न दाबता थांब, आणि तिन्ही चाकांजवळ हात नेऊन बघ. मी बघितलं. मागचं उजवं चाक चांगलंच गरम होतं. झालं असं होतं की ट्राइक करताना मागच्या चाकांना हँडब्रेक बसवलेला असतो. ज्यांनी तो बसवला त्यांनी केबल जास्तच ताणली होती. लीव्हर सोडला तरी एका बाजूचे पॅड डिस्कला घासत होते. म्हणजे मी इतके दिवस थोडा ब्रेक दाबूनच डोंगर चढत होते. पुढे एअर फिल्टर. या गाडीत तो बदलायचा तर वरचं सगळं प्लास्टिक उतरवावं लागतं, तीन-चार तासांचं काम. म्हणून कोणी बदलत नाही. आधीच्या मालकानंही बदलला नव्हता. बाहेर काढला तेव्हा आपल्या शाळेच्या डस्टरसारखा दिसत होता. टायरमध्ये हवाही कमी होती, तीही भरली.

एवढ्यानं फरक पडला, पण घाटात पुन्हा तेच. ऐंशीला गाडी दमली.

मग एका रात्री वही घेऊन बसले. शास्त्राच्या बाई, तुम्ही आठवीत शिकवलेलं सूत्र, शक्ती म्हणजे कार्य भागिले काल, त्याच्या पलीकडचं यात काही नाही. गाडी ४२० किलोंच्या आसपास, ट्राइकचं किट दीडशेच्या आसपास, आम्ही दोघं आणि सामान. साडेसातशे किलो धरा. सहा टक्के चढावर ताशी १०० किलोमीटरनं हे वजन वर न्यायला साधारण सोळा अश्वशक्ती लागते. वारा कापायला बारा-तेरा. ट्राइकचं मागचं अंग रुंद असतं आणि वाऱ्याचा आकडा माझा अंदाज आहे, पण फार चुकीचा नसावा. टायर घासण्यात तीन-चार. झाली चाकावर तेहेतीसच्या आसपास. शाफ्ट आणि डिफरन्शियलमध्ये थोडी वाया जाते, म्हणजे इंजिनानं अडतीस द्यायला हव्यात.

अडतीस! हातात ऐंशी असताना अडतीससाठी माझी गाडी धापा टाकत होती. मी बेरीज तीनदा केली.

मग चूक सापडली, ती बेरजेत नव्हती. ११८ अश्वशक्ती ही मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना मिळते. सर्वांत जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, ४,००० फेऱ्यांना. आणि पाचव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला माझं इंजिन फिरत होतं २,६०० फेऱ्यांच्या आसपास. हा पाचवा गिअर सपाट रस्त्यावर शांतपणे, कमी पेट्रोलमध्ये जाण्यासाठी केलेला आहे. त्या फेऱ्यांना, त्या उंचीवर, मूठ कितीही पिळली तरी इंजिनाकडून साधारण अडतीसच निघतात. जेवढ्या लागतात तेवढ्याच. समोरून जरा वारा आला, चढ एका टक्क्यानं वाढला की संपलं. त्याच वेगाला तिसरा गिअर टाकला तर इंजिन चार हजारांच्या पुढे फिरतं आणि तेच इंजिन, तीच पातळ हवा, पासष्टच्या आसपास देते. एक पैसा खर्च न करता जवळजवळ पावणेदोनपट. सुपरचार्जरनंसुद्धा पाचव्या गिअरमध्ये मला इतकं दिलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सांगायला इंजिनिअर कशाला पाहिजे? आपल्या सहावीच्या सहलीला कुंभार्ली घाटात लाल गाडीचा ड्रायव्हर काय करत होता? मी बॉनेटजवळच्या सीटवर बसले होते, पायामुळे मला नेहमी पुढची जागा मिळायची. तो चढ सुरू व्हायच्या आधीच खर्रकन खालचा गिअर टाकायचा. मी विचारलं होतं त्याला, काका, गाडी तर नीट चाललीय, आत्ताच का? तो म्हणाला, गाडी रडायला लागल्यावर टाकून काय उपयोग, बाय?

म्हणजे मला हे सहावीपासून माहीत होतं. मग मी गिअर का टाकत नव्हते?

हे मी नवऱ्यालाही लवकर सांगितलं नव्हतं. गोल्ड विंगचा गिअर डाव्या पायानं बदलायचा असतो. माझ्या गाडीला टाच-चवडा असा दुहेरी लीव्हर आहे. टाचेनं दाबलं की वरचा गिअर, पुढे चवड्यानं दाबलं की खालचा. टाचेचं मला जमायचं. पाय उचलायचा आणि त्याच्या वजनानं सोडून द्यायचा. पण खालच्या गिअरसाठी पाऊल उचलून पुढच्या लीव्हरवर न्यायचं, तेही दोनदा, चढावर, मागे ट्रक असताना. गाडी घेतली त्या वर्षी हे मी करायचे. मग कमी केलं. मग कधी बंद केलं ते माझं मलाच कळलं नाही. पाचवा टाकायचा आणि मूठ पिळायची, कायनेटिकसारखं. आणि गाडी चढली नाही की म्हणायचं, पिकअप नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी डॉक्टरांनी मला एक शब्द सांगितला होता, पोस्ट-पोलिओ सिंड्रोम. लहानपणी पोलिओ झालेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना पुढे काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा येतो, थकवा येतो. पोलिओचा विषाणू परत येत नाही. पण तेव्हा वाचलेल्या मज्जापेशींनी मेलेल्यांचं कामही अंगावर घेतलेलं असतं, आणि इतकी वर्षं ओव्हरटाइम करून त्या थकतात, असं समजतात. मी ते ऐकलं, मान हलवली आणि व्यायाम वाढवला. आपल्याला लहानपणापासून तेच सांगितलंय ना, चालत राहा, पाय वापर, लाड करू नकोस. आईनं तर तेल लावून लावून हा पाय उभा केलाय. पण या दुखण्यात थकलेल्या स्नायूला जास्त राबवलं तर तो आणखी जातो. फिजिओथेरपिस्टनं मला चक्क सांगितलं, जिथे पाय वाचवता येईल तिथे वाचव, जिथे लागेल तिथे वापर. मी पुढच्या अपॉइंटमेंटला गेलेच नाही.

त्या रात्री वहीत ३८ आणि ६५ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि मी बराच वेळ नुसती बसून होते. गाडीत काही कमी नव्हतं. मला हजारो डॉलर खर्चून इंजिनाकडून असं काहीतरी करून घ्यायचं होतं की ज्यामुळे माझा पाय कमी झालाय हे मला मान्य करावं लागू नये. नवरा पाणी प्यायला उठला, त्यानं वही बघितली आणि विचारलं, हे काय? मग त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत होतं गं, मी मागेच बसतो ना.

उपाय फारच साधा निघाला. गिअरच्या दांड्याला एक इलेक्ट्रिक सोलेनॉइड जोडतात आणि डाव्या मुठीजवळ दोन बटणं लावतात, एक वरच्या गिअरचं, एक खालच्याचं. क्लच हातानं दाबायचा, बटण दाबायचं, खाली 'ठक' असा आवाज येतो, गिअर पडतो. पाय जागेवर. सुपरचार्जरच्या किमतीच्या मानानं किरकोळ खर्च. काहींनी मला सांगितलं की २०१८पासूनच्या नव्या गोल्ड विंगमध्ये सात गिअरची ऑटोमॅटिकची सोय आहे, तीच घे. ती छानच आहे. पण नवी गाडी, वर पुन्हा ट्राइकचं किट, आणि मला माझी जुनी आवडते.

बटणं बसवल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा त्याच रस्त्याला गेलो. चढाच्या अलीकडे, गाडी अजून नीट चालत असताना, मी दोनदा बटण दाबलं. ठक, ठक. काटा चार हजारांच्या वर गेला आणि सहा सिलिंडरचा आवाज आला, तो मी त्या गाडीत कधी ऐकलाच नव्हता. नवरा मागून ओरडला, "अगं, मोडेल!" मी ओरडले, "सहा हजारला लाल रेघ आहे!" आम्ही शंभरनं चढलो. एका ट्रकला मागे टाकलं. तोच असेल असं मी स्वतःला सांगितलंय, तो असण्याची शक्यता शून्य आहे.

दुसरी गोष्ट, मी आता ऑफिसात काठी वापरते. आज सकाळी फाटकातून आत येताना तुमच्यापैकी तिघीचौघींनी काठीकडे बघितलं आणि विषय टाळला, म्हणून इथेच सांगून टाकते. कॅलिपर होतं तेव्हा तुम्ही असं कधी टाळलं नव्हतं. तुम्ही त्यावर पट्टी वाजवून बघायचा.

इथल्या मंडळींचा एक प्रश्न मी ओळखून आहे, त्यामुळे विचारायच्या आधीच उत्तर देते. लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते, घाटात दहासुद्धा. परवडत नाही.

बाहेर सायकल स्टँडजवळ निळी स्कूटर उभी आहे, साइड व्हीलची. भावानं ती माझ्यासाठी दोन आठवडे भाड्यानं आणली आहे. गिअर नाही. चहा झाल्यावर ज्यांना मैदानाला चक्कर मारायची असेल त्यांनी या. पी.टी.चे सर, तुम्ही पहिले. स्टॉपवॉच मी आणलंय.